खानदेशची भूसंपत्ति आणि राज्यव्यवस्था

ज्या देशास निसर्गानें भरभरून दिलें आहे तेथील राज्यकारभारहि तितकाच सुव्यवस्थित असावा, अशी एक सामान्य समजूत आहे. कोश भरलेला असला म्हणजे न्याय, बंदोबस्त, रस्ते, तलाव हीं सर्व मागोमाग येतात, असें गृहीत धरून पुष्कळसें इतिहासलेखनहि झालें आहे. खानदेशचा इतिहास या समजुतीस फारसा अनुकूल नाहीं. प्रस्तुत लेखकाचें सारें आयुष्य दोंडाईच्यास संस्कृत शिकविण्यांत गेलें. तेव्हां तापीखोऱ्याविषयीं कांहीं लिहितांना पक्षपात घडण्याचा संभव आहे, हें आरंभींच कबूल करतों. परंतु येथें जें मांडावयाचें आहे तें खानदेशच्या स्तुतीचें नव्हे.

तापीच्या दोन्ही अंगांची काळी जमीन, सातपुड्याचें व सह्याद्रीचें सागवान, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या लहान लहान नद्यांचें बारमाही नाहीं तरी आठमाही पाणी, ही खानदेशची निसर्गदत्त पुंजी. अकबरानें १६०१ सालीं असीरगड घेऊन फारूकींचें राज्य बुडविलें, त्यानंतर अबुल फज्लनें या प्रांताचें जें वर्णन केलें त्यांत येथील ज्वारीची तारीफ आहे आणि कांहीं ठिकाणीं वर्षास तीन पिकें निघतात असेंहि म्हटलें आहे. अशा या प्रांताची १८१८ सालीं काय अवस्था होती? गांवेंच्या गांवें ओस, गढ्याकिल्ल्यांतून अरबांचीं ठाणीं, डोंगरपायथ्याशीं भिल्लांच्या टोळ्या, आणि मालेगांवचा किल्ला घेण्यास इंग्रजांस मे-जून महिन्यांत वेढा घालून बसावें लागलें. पेशवाईच्या जिंकलेल्या मुलुखांत खानदेशाइतका विस्कटलेला प्रांत क्वचितच दुसरा होता.

याचें नेहमींचें स्पष्टीकरण असें कीं, १८०२ सालीं यशवंतराव होळकरांची धाड आली, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला, आणि प्रांत बसला. हें खरें आहे. पण पुरेसें नाहीं. धाड एका हंगामाची असते, दुष्काळ दोन वर्षांचा असतो. मोडलेली घडी पुढें चौदा वर्षें मोडलेलीच कां राहिली? काळी जमीन कोणी उचलून नेली नव्हती. एखाद्या शेतकऱ्याचें घर जळलें तर तो पुढच्या मृगाआधीं पुन्हां उभें करतो. सरकारास तें कां साधलें नाहीं, हा खरा प्रश्न आहे.

उत्तराचा एक भाग मक्त्यांत सांपडतो. पूर्वींच्या पेशव्यांच्या वेळीं कमाविसदारास परगण्याचा हिशेब हुजुरांत द्यावा लागे, आणि त्याच्या हिशेबावर देशमुख-देशपांड्यांचें दप्तर हा एक अंकुश असे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत परगणे मक्त्यानें देण्याची चाल सर्रास झाली. एल्फिन्स्टन याच्या १८१९ च्या अहवालांत तिचें विस्तृत वर्णन आहे. मक्तेदारास पुढच्या वर्षाची शाश्वति नाहीं. तेव्हां रयत टिकावी, विहीर बांधली जावी, पडीत उठावें, यांत त्याचें हित नाहीं. जमीन जितकी सुपीक तितकी मक्त्याची बोली मोठी, आणि बोली जितकी मोठी तितकी ओरबाडण्याची घाई अधिक. निकृष्ट मुरमाड मुलुखावर बोली चढवावयास कोणी येत नाहीं. सुपीकतेनेंच येथें घात केला, असें म्हणणें वरवर विलक्षण दिसेल, पण तें निराधार नाहीं.

याच प्रांतांत दीडशें वर्षांपूर्वीं निराळी रीत बसविली गेली होती, हें विसरतां येत नाहीं. औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असतां, १६५२ नंतरच्या कांहीं वर्षांत, मुर्शिदकुलीखानानें जो धारा बांधला त्यांत कोरडवाहू पिकाचा अर्धा भाग, विहिरीच्या पिकाचा तिसरा, आणि उंसासारख्या खर्चिक पिकाचा त्याहून कमी भाग सरकारचा ठरविला. म्हणजे जेथें निसर्गाचा हात मोठा तेथें सरकारचा भाग मोठा, आणि जेथें माणसाचे कष्ट अधिक तेथें कमी. दर भारी होता हें उघड आहे. तथापि निसर्गानें काय दिलें आणि माणसानें काय मिळविलें, हा भेद सरकारच्या कागदांत उतरला होता.

हा भेद आपल्याकडे नवा नव्हता. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी १९०९ सालीं छापून निघाल्यापासून तिच्यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे, पण या दृष्टीनें ती फारशी वाचली गेलेली नाहीं. कोश खाणींतून उत्पन्न होतो आणि कोशांतून सैन्य, असें कौटिल्य स्पष्ट सांगतो. खाणींवर आकराध्यक्ष, वनोत्पन्नावर कुप्याध्यक्ष, अशी त्याची मांडणी आहे, आणि हे अधिकारी द्रव्य कसें गिळतात याचे चाळीस प्रकार त्यानें मोजून ठेवले आहेत. पाण्याचा विषय आला म्हणजे मात्र त्याचा स्वर पालटतो. हातानें काढलेल्या पाण्यावर पांचवा हिस्सा, खांद्यावरून आणलेल्यावर चौथा, प्रवाहयंत्रानें आणलेल्यावर तिसरा. शिवाय जो नवा तलाव किंवा बांध घालील त्यास पांच वर्षें करमाफी, आणि मोडका दुरुस्त करील त्यास चार. खाणीसाठीं त्याला पहारेकरी हवा आहे. बांधासाठीं त्याला रयतेची मनधरणी करावी लागते. आमच्या मतें या दोन वाक्यांत खानदेशच्या पुढील इतिहासाची किल्ली आहे.

येथें पाटणच्या शिलालेखाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. चाळीसगांवाजवळच्या पाटणास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला आणि निकुंभ राजांनीं त्यास देणगी दिली. लेख शके ११२८ चा. विद्यार्थ्यांस तो दाखवितांना आम्ही सिद्धान्तशिरोमणीच्या अभिमानानें बोलत आलों. पण लेखाच्या शेवटचा जुन्या मराठींतील भाग अधिक बोलका आहे. पेठेंत विकल्या जाणाऱ्या मालावर राजाचा जो हक्क होता तो मठास दिला, असें त्यांत नमूद आहे. कोणत्या मालावर, कोणाकडून, किती, हें दगडावर कोरलें गेलें. एकदां कोरलेला दर वाढविण्यापूर्वीं राजास दगड फोडावा लागतो, आणि तो सर्वांदेखत फोडावा लागतो.

आतां डांगाकडे वळूं. आज डांग हा गुजरात राज्यांतील जिल्हा आहे. परंतु एकोणिसाव्या शतकांत त्याची देखरेख खानदेशच्या कलेक्टराकडे असे, आणि १८८० सालीं निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराच्या खानदेशखंडांतच त्याचें वर्णन आलें आहे. औट्रम यानें १८२५ सालीं धरणगांवास भिल्ल पलटण उभी केली व १८३० सालीं तो डांगांत शिरला. पुढें १८४२ सालीं मुंबई सरकारनें डांगच्या राजांशीं जंगलाचे पट्टे केले. गाढवी, आमाला, वासुर्णा, पिंपरी व लिंगा येथील पांच राजे आणि कांहीं नाईक यांस सालीना ठरीव रक्कम मिळावी, आणि सागवान तोडण्याचा हक्क सरकारकडे रहावा, असा करार. मुंबईच्या गोदींत जहाजें बांधण्यास सागवान हवें होतें, आणि मलबारचें जंगल तोडून तोडून विरळ झालें होतें. पुढें आगगाडी आली आणि स्लीपरांसाठीं लांकडाची भूक आणखी वाढली.

या करारांत कोणावर उघड जुलूम झाला असें म्हणतां येत नाहीं. राजांच्या दृष्टीनें तर ती इंग्रजांनीं दिलेली खंडणीच होती. आणि वर्षास एकदां दरबार भरवून ती मानपानासह दिली जाई. तो दरबार आजहि आहव्यास होळीच्या सुमारास भरतो, आणि पांच राजघराण्यांचे वंशज तेथें आपलें मानधन घेतात. परंतु या व्यवस्थेनें राज्य म्हणून जें कांहीं होतें त्याचें काय झालें तें पहावें. राजास आतां आपल्या प्रजेकडून कांहीं मागावयाचें उरलें नाहीं. पूर्वीं त्यास तीरकामठा घेऊन निघणारे लोक लागत. ते टिकवावयाचे तर त्यांच्यांत जेवावें, त्यांचा तंटा तोडावा लागे. आतां रक्कम बाहेरून येई, आणि राज्यकारभार म्हणजे त्या रकमेंत कोणत्या भाऊबंदाचा वांटा किती, एवढाच प्रश्न होऊन बसला. पट्ट्याची रक्कम ठरीव, लांकडाचें उत्पन्न मात्र वाढतें. या वाढीचा हिशेब विचारील अशी एकहि सभा, पंचायत किंवा दप्तर डांगांत नव्हतें. राजा सरकारास जाब विचारूं शकत नव्हता, आणि प्रजेस राजाला विचारण्याचें कारण उरलें नव्हतें.

सरकारच्या बाजूसहि तोच प्रकार. खानदेशच्या मैदानांत इंग्रजांस धारा हवा होता. त्यासाठीं मोजणी करावी लागली, पाटील-कुळकर्ण्यांस सांभाळावें लागलें, तक्रार ऐकावी लागली. डांगांत त्यांस लांकूड हवें होतें, आणि लांकूड तक्रार करीत नाहीं. रस्ता काढावयाचा तर लांकूड बाहेर येईल तिकडे. बडोदे संस्थानची बिलिमोरा-वघई ही अरुंद रुळांची गाडी १९१३ सालीं सुरू झाली. ती वघईस, डांगाच्या उंबरठ्यावर, येऊन थांबली, कारण लांकूड तेथपर्यंत गाड्यांनीं येत होतें. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलाचें धोरण कडक झालें, फिरत्या शेतीस बंधनें आलीं, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत डांगांत असंतोषाचे उठाव झाले. ते मोडले गेले. मोडण्यास अवघड गेलें नाहीं, कारण सरकारास डांगी माणसाच्या कराची गरज नव्हती.

वाचक म्हणतील, हा दोष परकीय सत्तेचा, निसर्गसंपत्तीचा नव्हे. या आक्षेपांत तथ्य आहे. परंतु तीच परकीय सत्ता, तोच कलेक्टर, डांगापासून फार तर दोन दिवसांच्या वाटेवर पांझरेच्या कांठीं निराळा वागत होता. तें कां, याचें उत्तर सत्तेच्या जातींत मिळत नाहीं.

तापी ही आमची मोठी नदी. पण तिच्या दरडी इतक्या उंच कीं शतकानुशतकें तिच्या पाण्याचा शेतास उपयोग नव्हता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सुलवाडें, सारंगखेडें व प्रकाशें येथें बॅरेज झालीं, तोंवर ती आम्हांस तीर्थ म्हणून ठाऊक होती. बागाईत झालें तें पांझरा, कान, मोसम, आरम, गिरणा या लहान नद्यांवर. या नद्यांवर जागोजाग बंधारे घालून पाट काढण्याची रीत निदान तीनशें वर्षांची आहे; हिलाच फडपद्धति म्हणतात. पांझरा आमच्याच शिंदखेडें तालुक्यांत मुडावदजवळ तापीस मिळते, आणि तिच्या वरच्या अंगास, साक्रीकडे, प्रस्तुत लेखकाचें आजोळ होतें. म्हणून पुढील वर्णनांत थोडें ऐकीव व थोडें डोळ्यांदेखतचें मिसळलें आहे.

बंधाऱ्याखालील सर्व भिजणारी जमीन तीन किंवा चार फडांत विभागलेली असे. एका फडांत एका वर्षीं एकच पीक. एकांत ऊंस, दुसऱ्यांत गहूं-हरभरा, तिसऱ्यांत भुसार, आणि पुढच्या वर्षीं पाळी फिरे. प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी बहुधा प्रत्येक फडांत असे. म्हणून ऊंस एकाचाच आणि कोरड दुसऱ्याचीच, असें होत नसे. पाणी सोडण्याचा अधिकार शेतकऱ्यास नाहीं, पाटकऱ्यास. कोणीं, कितीहि मोठा असला तरी, आपल्या हातानें दारें फोडावयाचें नाहीं. रानाची राखण जागल्या करी. दोघांसहि मोबदला धान्यागुळाच्या रूपानें सर्वांकडून मिळे. म्हणून ते कोणा एकाचे चाकर नसत. पाऊस ओढला तर पंच बसून उंसाचें क्षेत्र कमी करीत, आणि तें कमी होई तें सर्वांचें सारख्या प्रमाणांत.

वर्षास एकदां पाट साफ करण्याचा दिवस असे. ज्याची जितकी जमीन तितकीं माणसें त्याच्या घरून यावयाचीं. आमच्या मातामहांबरोबर आम्ही त्या दिवशीं गेलों आहों; गाळ काढणाऱ्यांच्या रांगेंत गांवचा सर्वांत मोठा बागाईतदार स्वतः फावडें घेऊन उभा होता, आणि त्याच्या घरचा एक माणूस कमी भरला म्हणून पाटकरी सर्वांदेखत त्यास बोलत होता. त्या वयांत त्याचें नवल वाटलें नाहीं. पुढें इतर ठिकाणचे कारभार पाहिल्यावर वाटलें.

या पद्धतींत निसर्गाची देणगी आहेच. नदी कोणीं निर्माण केली नाहीं. पण ती देणगी एकट्यानें उचलून नेतां येत नाहीं. बंधारा एका पावसाळ्यांत फुटतो, पाट एका वर्षांत गाळानें भरतो. शंभर माणसें दरवर्षीं राजी असतील तरच पाणी शेतांत येतें. म्हणून येथें नियम झाले, नियम सांगणारा अधिकारी झाला, आणि त्याला मोठ्यासहि बोलण्याचें बळ आलें. इंग्रजांनीं येथें जामदें, मुकटी, म्हसवें अशीं कामें केलीं, १८७९ सालीं पाटबंधाऱ्यांचा कायदा केला. परंतु फडाच्या आंतील वांटणी बहुतांशी जेथली तेथेंच राहूं दिली. ती मोडून त्यांचा धारा वाढणार नव्हता, घटणार होता.

फडपद्धतीचें सोनें करून सांगणारेहि आतां निघाले आहेत. त्यांच्या पंक्तींत आम्हांस बसावयाचें नाहीं. ज्याची जमीन बंधाऱ्याखालीं नाहीं त्यास फडांत आवाज नव्हता. जागल्या बहुधा भिल्ल असे, पण पंचांत भिल्ल बसल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. समता होती ती जमीनदारांतली समता. तरीहि डांगच्या दरबाराशीं ताडून पाहिलें असतां, पाटकऱ्यास जाब विचारतां येत असे, आणि पाटकरीहि जाब विचारीत असे, एवढा फरक उरतोच.

सुपीक जमिनीचा आणखी एक गुण १८५२ सालीं दिसला. सर्व्हेची मोजणी सुरू होतांच सावदें, फैजपूर, यावल, एरंडोल या भागांत लोक हजारोंनीं जमले आणि मोजणी अंमलदारांस त्यांनीं काम करूं दिलें नाहीं. कॅप्टन विंगेटच्या डोळ्यांदेखत हा प्रकार झाला. फौज आणून, पुढाऱ्यांस धरून दंगा मिटविला, आणि मोजणी पुढें चालली. राष्ट्रीय वृत्तीचे लेखक यास स्वातंत्र्याचा उठाव म्हणतात, तर सरकारी लेखक अज्ञानाचा उद्रेक. आम्हांस दोन्ही अपुरीं वाटतात. मोजणी म्हणजे कोणाकडे किती जमीन व तीवर किती धारा हें उघड लिहिलें जाणें. जमिनीचें उत्पन्न मोठें आणि हिशेब मोघम, या दोहोंच्या मध्यें ज्यांचें पोट भरत होतें त्या वतनदारांस तें नको होतें. पण त्यांच्यामागें साधी रयतहि गेली, कारण सरकारचें मोजमाप म्हणजे वाढीव सारा, हा तिचा पिढ्यांचा अनुभव होता. चांगली सुधारणाहि अविश्वासू हातांतून आली म्हणजे अशी गति होते. पुढें तीस वर्षांचा ठराव झाला. दर एकदां ठरला तो तीस वर्षें पालटणार नाहीं, ही खात्री रयतेस पटावयास मात्र तितकींच वर्षें लागलीं.

कापसाची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंतील यादवीनें १८६१ ते १८६५ या वर्षांत कापसाचा भाव कल्पनेबाहेर चढला, खानदेशांत पैसा वाहिला, आणि त्याबरोबर कापसांत सरकी, माती, पाणी घालण्याचा धंदाहि वाढला. १८६३ सालीं मुंबई सरकारनें कापसाच्या लबाडीविरुद्ध कायदा करून तपासनीस नेमले. ही व्यवस्था कालांतरानें रद्द झाली. युद्ध संपलें, भाव कोसळला, आणि त्या चार वर्षांच्या सुबत्तेची खूण सांगणारा एखादा घाट किंवा धर्मशाळा कोठें असेल. पण तिच्यामुळें कारभाराची एखादी चांगली रीत मागें राहिली, असें शोधूनहि सांपडत नाहीं.

हा प्रकार एकट्या खानदेशचा नव्हे. पोटोसीच्या डोंगरांत १५४५ सालीं रुपें सांपडलें, आणि स्पेनच्या राजाचीं जहाजें तें भरून आणूं लागलीं. तरी त्याच राजसत्तेनें १५५७, १५७५ व १५९६ सालीं दिवाळें काढलें. रुपें हातीं असल्यानें राजास आपल्या कास्तिली सभेचें मन वळविण्याची निकड कमी झाली, असें तिकडील कित्येक इतिहासकार मानतात. उलट नॉर्वेस समुद्रांत तेल लागलें तें १९६९ सालीं. तेथें लोकसभा १८१४ पासून हिशेब मागत आलेली होती. तेल आधीं आलें असतें तर काय झालें असतें, हें सांगण्याचा अधिकार इतिहासास नाहीं. पण क्रमाकडे लक्ष वेधण्याचा आहे.

खानदेशास तेल नाहीं. पण आजच्या घटकेस पांझरा, गिरणा व तापी यांच्या पात्रांत एक पदार्थ सहज उचलतां येण्याजोगा पडला आहे, तो म्हणजे वाळू. सिमेंटच्या घरांपूर्वीं तिला किंमत नव्हती. आतां आहे, आणि ती उचलण्यास शंभर माणसांच्या संमतीची गरज नाहीं, एक डंपर व एक रात्र पुरते. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांसहि पर्यावरणाची पूर्वपरवानगी लावली. महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं लिलाव थांबवून डेपोंतून ६०० रुपये ब्रास दरानें वाळू विकण्याचें धोरण आणलें, आणि २०२५ सालीं पुन्हां लिलावाकडे मोर्चा वळविला. दोन वर्षांत दोन धोरणें. फडाचा नियम तीनशें वर्षांत इतका पालटला नसेल. वाळू गेली म्हणजे बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो, हें जुना पाटकरी कोणासहि सांगेल. आणि आतां असे पाटकरी पांझरेकांठीं बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

शेवटीं एक विनंती. राजवाड्यांनीं १९२६ सालीं ज्या धुळ्यास देह ठेवला तेथें, आणि इतरत्रहि, खानदेशच्या सरदारांचे, जहागिरदारांचे व वतनांचे कागद पुष्कळ जमले आहेत. फडाचे कागद मात्र जवळजवळ नाहींत. ऊंस किती बिघे करावयाचा याचा पंचांचा ठराव, पाट साफ करण्याच्या दिवसाची हजेरी, पाटकऱ्यास दिलेल्या धान्याचें टिपण, दारें फोडल्याबद्दलचा दंड, असें एखादें चिटोरें पिंपळनेर, साक्री, सटाणें या बाजूस कोणाच्या घरीं दिवळींत असेल तर तें, अगर त्याची नक्कल, मंडळाकडे धाडावी. मोडी वाचतां येत नसल्यास चिंता नाहीं. वाचून देण्याचें काम प्रस्तुत लेखक आनंदानें करील.